बोर्ड गेम बनवायचाय? मग आधी छापखान्यात जाऊ नका!



बोर्ड गेमवरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "मॅडम, माझ्याकडे गेमची जबरदस्त आयडिया आहे. सगळी सांगत नाही, कुणीतरी चोरेल. फक्त हजार डबे छापायला किती खर्च येईल ते सांगा."

या दोन ओळींत तीन गैरसमज आहेत. आयडिया म्हणजेच गेम, हा पहिला. सगळ्यात मोठा धोका चोरीचा, हा दुसरा. आणि पहिली पायरी छपाईची, हा तिसरा. तिन्ही महागात पडतात. बोर्ड, सोंगट्या, पत्ते, फासे असा पूर्ण गेम असेल आणि एका डब्याला २५० रुपये धरले, तर हजार डब्यांचे अडीच लाख होतात. आपल्याकडे ते अडीच लाख बहुतेक वेळा एफडी मोडून नाहीतर सोनं गहाण ठेवून उभे राहतात. डबे माळ्यावर पडून राहिले तर गेम जुना होतो, पण हप्ते चालूच राहतात.

व्हिडिओत वेळेअभावी जी आकडेमोड राहून गेली, ती आज इथे नीट मांडते. वही-पेन घेऊन बसा.

थीम म्हणजे गेम नाही, निर्णय म्हणजे गेम

"माझा गेम किल्ल्यांवर आहे", "माझा एसटीच्या प्रवासावर आहे." छान. पण ही थीम झाली. मी पुढचा प्रश्न विचारते: माझी पाळी आली की मला नेमकं काय ठरवायचं आहे? इथे बरेच जण थांबतात.

सापशिडी घ्या. तिचं मूळ आपल्याकडच्या मोक्षपटात. कवड्या टाकायच्या, पडेल तेवढं पुढे जायचं, सद्गुणांनी वर चढायचं, दुर्गुणांनी खाली यायचं. खेळणाऱ्याला ठरवायला काहीच नाही, कारण त्या पटाचा हेतूच शिकवण देण्याचा होता. आज मात्र मोठ्या माणसाने पैसे मोजून तुमचा गेम घ्यावा असं वाटत असेल, तर त्याला डोकं चालवायला जागा द्यावी लागेल.

आता बदाम सात आठवा. बदाम सत्तीने सुरुवात, मग एकेक पान खाली-वर लावत जायचं, लावता आलं नाही तर पास. नियम दोन मिनिटांत कळतात. पण खरी गंमत कुठे आहे? तुमच्या हातात चौकट सत्ती आहे, ती आत्ता सोडायची की दाबून ठेवायची? दाबली तर बाकीचे अडकतात. पण चौकटची बाकीची पानं तुमच्याकडेच असतील, तर तुम्हीही अडकता. नियम सोपा, निर्णय अवघड. चांगल्या गेमची ही सगळ्यात सोपी ओळख.

पाच-तीन-दोन बघा. तीन भिडू, तीस पानं, प्रत्येकाला दहा. म्हणजे दहा हात. कुणी पाच करायचे, कुणी तीन, कुणी दोन, बेरीज बरोब्बर दहा. पाच करणाऱ्यावर ओझं जास्त, पण पुढच्या डावाला ते ओझं दुसऱ्याकडे जातं. म्हणजे प्रत्येक डाव असमान, पण सगळा खेळ समान. हे ज्याने कुणी बसवलं त्याच्याकडे ना कॉम्प्युटर होता ना डिझाइनची पदवी.

तुमच्या गेमसाठी पहिला गृहपाठ हाच. एका वाक्यात लिहा: "माझ्या गेममध्ये प्रत्येक पाळीला खेळणारा ______ आणि ______ यांपैकी एक निवडतो." समजा तुम्ही भाजी मंडईवर गेम करताय. मग "टोमॅटो आज मिळेल त्या भावाला विकायचे, की उद्या भाव चढेल म्हणून थांबायचं आणि सडण्याचा धोका घ्यायचा" हे झालं तुमचं वाक्य. रिकामी जागा भरता येत नसेल तर अजून चित्रकाराला फोन करू नका.

गणित टाळता येत नाही, पण ते दहावीचंच आहे

अमेरिकेत १९३० च्या दशकातल्या मंदीत आल्फ्रेड बट्स नावाचा एक आर्किटेक्ट बेकार झाला. त्याला शब्दांचा खेळ करायचा होता. त्याने काय केलं? वर्तमानपत्रं समोर घेतली आणि कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजलं. त्यातून ठरलं की 'ई' च्या बारा सोंगट्या हव्यात, 'क्यू' आणि 'झेड' ची एकेकच हवी आणि त्यांना दहा-दहा गुण हवेत. 'एस' मात्र चारच ठेवले, कारण इंग्रजीत शब्दामागे 'एस' लावला की अनेकवचन होतं आणि खेळ फारच सोपा होतो. हाच खेळ पुढे स्क्रॅबल म्हणून जगभर गेला.

आता हेच मराठीत करायचं म्हणा. नुसतं भाषांतर चालत नाही. 'कि' आणि 'की' या दोन सोंगट्या का एकच? जोडाक्षराचं काय करायचं? काना-मात्रा फुकट द्यायच्या का त्यांचेही गुण धरायचे? 'ळ' आणि 'ण' किती ठेवायचे? शब्दाच्या सुरुवातीला ते येत नाहीत, पण मध्ये आणि शेवटी भरपूर येतात. 'ङ' आणि 'ञ' ठेवायचेच का? या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर म्हणजे डिझाइन. आणि त्या उत्तराची सुरुवात आजचा पेपर समोर घेऊन अक्षरं मोजण्यापासून होते, फुकटात.

फाशांचंही तसंच. दोन फासे टाकले की ३६ शक्यता. ७ पडायच्या सहा, ६ किंवा ८ पडायच्या प्रत्येकी पाच, आणि २ किंवा १२ पडायची फक्त एकेक. जर्मनीचा प्रसिद्ध गेम 'कॅटन' याच गणितावर उभा आहे. ६ किंवा ८ आकड्याची जमीन चांगली, २ किंवा १२ ची कमजोर, आणि ७ पडला की चोर येतो. तुमच्या गेममध्ये १२ पडल्यावरच मोठं बक्षीस असेल, तर सरासरी ३६ वेळा फासे टाकल्यावर ते एकदा मिळणार. चार जणांच्या डावात तुमची पाळी नऊ वेळा येते तोवर ते सगळ्यांत मिळून एकदाच पडणार. तेवढा वेळ लोक थांबतील का? कागदावर मांडून बघा.

पहिला नमुना: खर्च शंभर रुपयांच्या आत

जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे, शर्टच्या बटणांच्या सोंगट्या, जुना पत्त्यांचा कॅट आणि त्यावर चिकटवलेले कागद. बस. हा नमुना जितका साधा तितका चांगला, कारण साधी वस्तू फाडायला मन कचरत नाही. चित्रकाराला पंधरा हजार देऊन रंगीत पट करून घेतला की नियम चुकलेला दिसत असूनही माणूस बदलत नाही. "आता एवढं केलंय तर राहू दे" म्हणतो.

नमुना तयार झाला की चाचणीच्या चार पायऱ्या, आणि याच क्रमाने:

१. एकट्याने खेळा. चारही भिडूंच्या जागी आळीपाळीने बसा. मोठ्या चुका इथेच सापडतात.

२. घरच्यांबरोबर. ते कौतुक करतील. ते मनावर घेऊ नका, फक्त ते कुठे गोंधळतात ते बघा.

३. अनोळखी लोकांबरोबर. कॉलेजचा कट्टा, सोसायटीचा हॉल, वाचनालय. तुम्ही नियम समजावून सांगा आणि मग गप्प बसा.

४. फक्त नियमपुस्तिका देऊन. ही खरी परीक्षा. डबा त्यांच्या हातात द्या, बाजूला उभे राहा आणि एक शब्दही बोलू नका. कारण ज्या गिऱ्हाईकाने नाशिकला डबा उघडला, त्याच्या घरी तुम्ही समजावायला जाणार नाही.

"आवडला का?" हा प्रश्न विचारू नका. आपल्याकडे समोरच्याचं मन कुणी मोडत नाही. सगळे "छान आहे" म्हणतात आणि चहा पिऊन निघतात. त्याऐवजी डाव संपल्यावर दोन मिनिटं शांत बसा. कुणी आपणहून "अजून एक डाव टाकू" म्हणालं, तर ते खरं सर्टिफिकेट.

वहीत एवढं टिपा: डाव किती मिनिटं चालला? स्वतःच्या पाळीची किती वाट बघावी लागली? कुणी मोबाइल कधी काढला? अर्ध्या डावातच "मी तर हरलोच" असं कुणाला वाटलं का? नियमपुस्तिकेचं कुठलं पान परत परत उघडलं?

एक आपली जुनी युक्तीही लक्षात ठेवा. लहान भावंडाला आपण 'कच्चं लिंबू' करून खेळात घेतो. तो खेळतो, पण आऊट होत नाही. कौटुंबिक गेममध्ये सहा वर्षांचं पोर आणि साठीचे आजोबा एकत्र बसणार असतील, तर दुबळ्या भिडूसाठी अशी सोय नियमातच हवी.

चोरी, कायदा आणि कागदपत्रं

आता तुमची आवडती भीती. भारताच्या पेटंट कायद्यात, म्हणजे १९७० च्या कायद्याच्या कलम ३(एम) मध्ये स्पष्ट आहे की खेळ खेळण्याची नुसती पद्धत पेटंटयोग्य शोध मानली जात नाही. कल्पनेवर कॉपीराइटही मिळत नाही. मग काय आपलं राहतं? नियमपुस्तिकेची तुमची भाषा आणि तुमची चित्रं, यांना कॉपीराइट आहे. गेमचं नाव आणि लोगो, यांचा ट्रेडमार्क होतो. खेळ-खेळणी वर्ग २८ मध्ये येतात. एका व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाची सरकारी फी ४,५०० रुपये आहे. अर्ज करण्याआधी तेच नाव आधीच कुणी घेतलंय का, ते सरकारी वेबसाइटवर फुकट तपासता येतं.

म्हणजे आयडिया लपवून फारसा फायदा नाही, आणि ती न दाखवल्यामुळे चाचणी होत नाही हा तोटा मात्र नक्की. चित्रकार दुसरा असेल तर एक काम विसरू नका: चित्रांचे हक्क तुमच्याकडे येतील असा लेखी करार, पैसे देण्याआधी.

करार किती महत्त्वाचा, याचं जगप्रसिद्ध उदाहरण मोनोपॉली. लिझी मॅगी या अमेरिकन बाईने १९०४ मध्ये 'द लँडलॉर्ड्स गेम' चं पेटंट घेतलं. जमिनीची मक्तेदारी लोकांना कशी नाडते हे दाखवणारा खेळ. तो लोकांनी घरोघरी हाताने काढून खेळला, बदलला. १९३५ मध्ये चार्ल्स डॅरो या माणसाकडून पार्कर ब्रदर्स कंपनीने मोनोपॉली विकत घेतला. डॅरोला रॉयल्टी मिळाली आणि तो श्रीमंत झाला. लिझीबाईंकडून त्यांचं पेटंट ५०० डॉलरला घेतलं गेलं, रॉयल्टी शून्य. आपण लहानपणी जो 'व्यापार' खेळलो त्याचं घराणंही तेच. एकरकमी किंमत घेऊन सही करताना हे आठवा.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेकांना माहीतच नसते. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांसाठी असलेल्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. खेळण्याचा गेम मुलांसाठी असेल तर तो यात येतो. लायसन्स उत्पादकाला लागतं, त्यामुळे ज्याच्याकडे आधीच लायसन्स आहे अशा उत्पादकाकडून माल बनवून घेणं नवख्याला सोपं पडतं. हस्तकला विभागाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना यातून सूट आहे. डब्यावर नुसतं "१४+" छापून सुटका होत नाही. आत कार्टूनची चित्रं आणि पाढे असतील, तर तो मुलांचाच गेम. डब्यावर एमआरपी, उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, नगसंख्या आणि तक्रारीसाठी संपर्क हेही लागतं. जीएसटीचं तुमच्या सीएला विचारा, आणि ऑनलाइन विक्री सुरू करण्याच्या आधी विचारा.

आता खरी आकडेमोड

पत्त्यांचा गेम हा नवख्यासाठी सगळ्यात बरा. का ते बघा. पोकर साइजचं पान ६३ बाय ८८ मिमी. कटिंगसाठी चारी बाजूंनी ३ मिमी जादा धरा, झालं ६९ बाय ९४. डिजिटल प्रेसची १२ बाय १८ इंची शीट साधारण ३०५ बाय ४५७ मिमी. आडवी-उभी मांडून बघा: तीन ओळी, प्रत्येकी सहा पानं, एका शीटवर १८. म्हणजे ५४ पानांचा कॅट बरोबर तीन शीटमध्ये बसतो. तुमच्या गेममध्ये ५६ पानं असतील तर दोन पानांसाठी चौथी शीट लागते. दोन पानं कमी करा. डिझाइन आणि खर्च हे असे एकमेकांना बांधलेले असतात.

आधी डिजिटलवर वीस-पंचवीस संच काढा. एका संचाला महाग पडतील, पण एकूण धोका छोटा. ऑफसेटला किंवा शिवकाशीसारख्या ठिकाणी मोठी ऑर्डर द्यायची ती नंतर, गेम विकला जातोय हे दिसल्यावर.

किंमत कशी ठरवायची? खालचे आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमचे तुम्ही घाला.

एमआरपी ४०० रुपये.
दुकानदाराचं मार्जिन ४० टक्के: १६० गेले, उरले २४०.
वितरक १५ टक्के: ६० गेले, उरले १८०.
बनवायचा खर्च ९०: उरले ९०.
यातून जीएसटी, वाहतूक, फुटतूट, नमुन्यांचे डबे: धरा ४०. उरले ५०.

चित्रकाराला ४०,००० दिले असतील, तर फक्त ते वसूल व्हायला ८०० डबे विकावे लागतील. तुमची मेहनत त्यानंतर सुरू. म्हणून व्यवहारातला एक ठोकताळा ठेवा: बनवायचा खर्च एमआरपीच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यात बसला पाहिजे. इथे ४०० ला ९०, म्हणजे जेमतेम बसतो. खर्च १५० झाला तर दुकानातून विकणं विसरा.

थेट विक्रीचं गणित वेगळं. प्रदर्शनात स्टॉल लावला, दोन दिवसांचं भाडं ६,००० आणि एका डब्यामागे ३१० सुटले, तर भाडं निघायलाच वीस डबे लागतात. पण तिथे गिऱ्हाईक समोर बसून एक डाव खेळतं, आणि खेळलेला माणूस विकत घेण्याची शक्यता जास्त.

दुकानदार म्हणून एक सांगते. काउंटरवर गिऱ्हाईक तीनच गोष्टी विचारतं: किती जणांचा, किती वयाचा, किती वेळ लागतो. ही तीन उत्तरं डब्याच्या दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरांत नसतील, तर विकणाऱ्याला बोलावं लागतं. आणि गर्दीच्या वेळी विकणारा बोलत नाही, शेजारचा डबा देतो.

विकणार कुणाला?

खेळणारा, भेट देणारा आणि जपून ठेवणारा, ही तीन वेगळी गिऱ्हाइकं. सावंतवाडीचे गंजिफा आठवा. दशावतारी गंजिफात १२० गोल पानं, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. आज तो खेळता येणारे थोडे, पण राजवाड्यात हाताने रंगवलेले संच विकले जातात, कारण घेणारा ते कला म्हणून घेतो. तिथे किंमत वेगळी, संख्या वेगळी. दुसऱ्या टोकाला मुंबईच्या मीमसिस कल्चर लॅबचा 'शासन'. राजकारणावरचा हा गेम त्यांनी २०१९ मध्ये किकस्टार्टरवर मांडला. म्हणजे आधी ऑर्डर आणि पैसे, मग उत्पादन. तुमच्यासाठी याचं छोटं रूप म्हणजे ओळखीच्या ग्रुपमध्ये आगाऊ बुकिंग. पन्नास जण आधी पैसे भरत नसतील, तर पाचशे छापून नंतर कोण घेणार?

तिसरा रस्ता म्हणजे स्वतः छापायचंच नाही. कंपनीला गेम द्यायचा आणि रॉयल्टी घ्यायची. त्यासाठी एका पानावर गेमची ओळख, चालता नमुना आणि चाचण्यांची वही लागते. रॉयल्टी कशावर मोजणार, एमआरपीवर की कंपनीला मिळालेल्या रकमेवर, आणि ठराविक काळात त्यांनी छापला नाही तर हक्क परत येतील का, हे दोन मुद्दे करारात लिहून घ्या.

नोकरी कधी सोडायची?

कॅटनचा निर्माता क्लाउस टॉयबर हा दातांच्या कवळ्या बनवणारा तंत्रज्ञ. गेम तो रिकाम्या वेळात बनवायचा आणि बायको-मुलांबरोबर तपासायचा. जर्मनीचा 'श्पील देस यारेस' हा सर्वोच्च मानाचा पुरस्कार त्याला १९८८, १९९० आणि १९९१ मध्ये मिळाला. १९९५ मध्ये कॅटनला मिळाला, तो चौथा. आणि तरीही त्याने आपला धंदा त्यानंतर काही वर्षांनीच सोडला. पुढे कॅटनच्या ४ कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या.

स्क्रॅबलचंही तेच. कंपन्यांनी बट्सचा खेळ नाकारला. १९४८ मध्ये जेम्स ब्रुनो याने तो हाती घेतला, नाव बदललं, आणि प्रत्येक संचामागे बट्सला रॉयल्टी कबूल केली. १९४९ मध्ये त्याने २,४०० संच बनवले आणि ४५० डॉलरचा तोटा सोसला. तो टिकला, कारण तोटा सोसण्याइतकाच ठेवला होता.

तुमचा आकडाही आधीच ठरवा. "हे पैसे बुडाले तरी घरचा महिना चालेल" अशी रक्कम वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि घरच्यांना दाखवा. त्याच्या वर एक रुपया नाही.

या पंधरवड्याचं काम

१. तुमच्या गेमचं निर्णयाचं वाक्य लिहा.
२. शंभर रुपयांत नमुना बनवा.
३. दहा डाव खेळवा, त्यातले किमान चार अनोळखी लोकांबरोबर, आणि प्रत्येक डाव वहीत टिपा.
४. प्रत्येक डावानंतर एकच नियम बदला. तीन एकदम बदलले तर कशामुळे फरक पडला ते कळत नाही.
५. वरची आकडेमोड तुमच्या आकड्यांनी करा.

दहाव्या डावानंतर लोक "अजून एक" म्हणत असतील, तर पंचवीस संचांची ऑर्डर द्या. म्हणत नसतील, तर पुठ्ठे फाडा आणि दुसरा गेम मांडा. शंभर रुपयेच गेलेत.

भेटू पुढच्या आठवड्यात. विषय आहे, प्रदर्शनात स्टॉल घेताना कुठली जागा मागायची.